सायकलची चेन: तेल ओतण्याआधी या चुका टाळा

चेनवरून बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट झालं, तर त्या चेनला तेल कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. तरीही ती करकरते म्हणून लोक वरून आणखी तेल सोडतात. ही चूक इतक्या सायकलींवर पाहिली आहे की आधी तिच्याबद्दलच बोलू.

चेनला तेल लागतं ते आत, पिन (कड्या जोडणारी खीळ) आणि रोलर (तिच्याभोवती फिरणारी छोटी नळी) यांच्यामध्ये. बाहेरच्या पट्ट्यांना गंज धरू नये इतका पुसट थर पुरतो. त्याहून जास्त तेल बाहेर राहिलं की त्यावर धूळ बसते आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. वरून नवं तेल सोडलं की हीच घाण पातळ होऊन आत शिरते आणि पिना खाते.

आमच्या ग्रुपमधला एक जण दर राइडच्या आधी तेलाची बाटली चेनवर धरायचा आणि पेडल उलटं फिरवायचा. पुसणं माहीतच नाही. चेन आवाज करत नव्हती, त्यामुळे सांगून उपयोग नव्हता. एका उभ्या चढावर तो सीटवरून उठला, सगळा भार पेडलवर टाकला आणि चेन दात्यांवरून सटकली. गुडघा हँडलवर आपटला. पडला नाही, हे नशीब. त्याने नवी चेन बसवली, तर तीही पुढच्याच चढावर सटकली, कारण जुन्या चेनने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे दातेही आपल्या मापाने झिजवून ठेवले होते. शेवटी कॅसेटही बदलावी लागली.

हे सगळं एका पट्टीने आधीच कळलं असतं. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे २४ कड्यांना बरोबर १२ इंच. चेन ताणून धरा आणि पिनच्या मध्यापासून मोजा. १/१६ इंच जास्त भरलं की झीज साधारण अर्धा टक्का. ११-१२ गिअरच्या कॅसेटवरची चेन इथेच बदला. ८ ते १० गिअरवाल्यांना पाऊण टक्क्यापर्यंत मुभा आहे. १/८ इंच जास्त भरलं, तर बहुधा कॅसेटही गेली. त्या मित्राची चेन तेवढीच भरली होती.

माझी पद्धत साधी आहे. आधी सुक्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवायचं, फडकं काळं होईनासं होईपर्यंत. मग क्विक लिंकपासून (चेन उघडायची वेगळी दिसणारी कडी) सुरुवात करून खालच्या चेनच्या वरच्या अंगाला प्रत्येक रोलरवर एकच थेंब. क्विक लिंक परत आली की थांबायचं. हे काम रात्री करा, सकाळपर्यंत तेल आत मुरू द्या आणि निघण्याआधी बाहेरून पुन्हा घट्ट पुसा. निघायच्या पाच मिनिटं आधी तेल लावणाऱ्यांची घाई मला आजवर पटलेली नाही.

दुसरी चूक थेट जिवाशी खेळणारी आहे: डिस्क ब्रेकच्या सायकलवर स्प्रेने तेल मारणं. फवारा चेनवर मारला तरी त्याचे कण डिस्कवर बसतात आणि पॅड ते शोषून घेतात. मग ब्रेक किंचाळतो आणि ऐन उतारावर धरत नाही. डिस्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ होते. तेल प्यायलेले पॅड मात्र बहुतेक वेळा बदलावेच लागतात. तेल थेंबाचंच वापरा. वेळ वाचवायचा तर दुसरीकडे वाचवा, ब्रेकजवळ नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. पेट्रोलने चेन धुऊ नका, त्याची वाफ पेट घेते. रॉकेल किंवा डिग्रीझर चालेल, पण चेन आतून पूर्ण सुकल्याशिवाय तेल नको. पाणी हटवणारा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. प्रेशरचं पाणी हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो ती जागा) मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. गंज काढायला चेन ॲसिडमध्ये बुडवू नका, पट्ट्यांना तडे जाऊ शकतात. तेलकट चेनवर वॅक्स (तेलाऐवजी लावायचं मेण) टिकत नाही. चेन पुसताना डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) दोन छोटी चाकंही खरवडा, नाहीतर तिथली घाण लगेच चेनवर येते. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तेल द्या.

एवढं करूनही ठरावीक अंतराने 'टक्' असा आवाज येत असेल, तर एखादी कडी अडकलेली असते. पेडल हळूहळू उलटं फिरवत डिरेलरच्या चाकांकडे पाहा. तिथून जाताना जी कडी सरळ होत नाही आणि उडी मारते, तीच ती. तिच्यावर एक थेंब तेल सोडा, दोन्ही बाजूंना धरून आडवी हलकेच वाकवा आणि पुन्हा फिरवून बघा. तरीही मोकळी झाली नाही, तर त्या चेनवर चढाला जाऊ नका.