एडीएचडीचं निदान झालंय आणि घरात वाद पेटलाय? उपचार असे ठरवा

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, उतावळेपणा) आहे असा रिपोर्ट हातात आला की घरात दोन पार्ट्या पडतातच. आजी म्हणते याचा बाप पण असाच होता, काय बिघडलं त्याचं, बाबा म्हणतात तूच लाडावून ठेवलंयस, आणि आईला सगळीकडून बोलणी. आजीचं ते वाक्य मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असतो. लाडाने हा होत नाही हे डॉक्टरांच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू दे, म्हणून पुढच्या व्हिजिटला बाबांना आणि जमलं तर आजीलाही सोबत न्याच.

निदान नीट झालंय का तेही बघा. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून, कमीत कमी 6 महिने आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसायला हवीत. यासाठी ब्लड टेस्ट किंवा स्कॅन नसतो, त्यामुळे टीचरने भरलेला लक्षणांचा फॉर्म नसेल तर तो मागा. कान, डोळे, झोपही तपासून घ्या.

आता गोळी, खरं भांडण इथेच असतं. मूल 6 वर्षांच्या आत असेल तर आधी मुलाला कसं हाताळायचं याचं आईबाबांचं ट्रेनिंग, गोळी सहसा नंतर. त्याहून मोठं असेल तर गोळी आणि बिहेवियर थेरपी दोन्ही मिळून बघतात. मेथिलफेनिडेट हे औषध घेतल्या दिवशीच काम करतं आणि काही तासांत उतरतं, अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत काहीच फरक नाही म्हणून ते बंद करू नका. जन्मभराची गोळी म्हटलं की घरचे घाबरतात, त्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून ठराविक काळाची ट्रायल ठरवा, टीचरचा फॉर्म आधी आणि नंतर भरून घ्या आणि मग सगळे बसून बोला. घरात कुणाला हार्टचा त्रास असेल, कमी वयात अचानक कुणी गेलं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा.

मेथिलफेनिडेटने भूक मरते, डबा अर्धा परत येतो आणि तिथून परत भांडण. नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या, पोळी-भाजी, अंडं, जे खातो ते, आणि रात्री उशिरा भूक लागली तर तेव्हा जेवू द्या, वेळेवरून ओरडू नका. वजन-उंची वहीत लिहून ठेवा, डॉक्टर बीपी आणि पल्सही बघतील.

घरी सूचना एकच द्यायची, तीही जवळ जाऊन. बूट काढ, हातपाय धू, दप्तर उघड असं किचनमधून ओरडलं तर पहिलंच जेमतेम पोचतं. बूट काढले की लगेच शाब्बास म्हणा, पहिला आलास तर सायकल असलं लांबचं बक्षीस या मुलांना उपयोगाचं नाही. अभ्यासाला एक दिवस आई, एक दिवस बाबा, आणि भावंडासाठी थोडा वेळ वेगळा काढा, त्याच्या वाट्याला नुसतं 'तू समजूतदार आहेस ना' येतं, ते फार वाईट वाटतं.

वाचायला-लिहायला पण अडत असेल तर एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अडचण) टेस्ट करून घ्याच. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एलडी आहे, एडीएचडी वेगळा दिलेला नाही, आणि दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक या सवलती एलडीच्या सर्टिफिकेटवर मिळतात. त्याला वेळ लागतो, दहावीची वाट बघू नका.

आणि आईबाबांपैकी कुणाला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.