दम लागलेल्या रुग्णाची खाटेजवळची तपासणी

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांचा हात दम लागलेला रुग्ण दिसताच आधी पल्स ऑक्सिमीटरकडे जातो. हा क्रम बदलावा. खाटेच्या पायथ्याशी अर्धा मिनिट नुसते उभे राहून पाहावे: रुग्ण गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसला आहे का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू ताणले जातात का आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का. श्वास घेताना छाती वर येते पण पोट आत जाते असे दिसले, तर श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) थकत चालले असण्याची शक्यता धरून वरिष्ठांना लगेच बोलवावे.

त्यानंतर श्वसनदर पूर्ण 60 सेकंद मोजावा. 15 सेकंद मोजून चारने गुणले, तर मध्येच थांबणारा किंवा अनियमित श्वास नजरेतून सुटतो. मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नये, कारण लक्ष गेले की श्वासाची लय बदलते. मनगट हातात घेऊन नाडी पाहत असल्यासारखे भासवावे आणि नजर छातीवर ठेवावी. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला दर साधारण 12 ते 20 असतो आणि 25 किंवा त्याहून अधिक दर गंभीर मानावा. वॉर्डातल्या सगळ्याच तक्त्यांवर 20 हाच आकडा दिसला, तर कोणी मोजलेच नाही असे खुशाल समजावे.

बोलणे हीसुद्धा तपासणीच आहे. “काका, सकाळी काय खाल्लंत?” या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर येते की दोन शब्दांनंतर थांबावे लागते, यावरून धापेची तीव्रता कळते. आडवे पडल्यावर दम लागू नये म्हणून रात्री किती उशा लागतात, बेडका कोणत्या रंगाचा पडतो, हेही विचारावे. पुण्यात फुप्फुसांना अपाय करणाऱ्या गोष्टींबद्दलचे आणखी काही प्रश्न टाळू नयेत: भोसरीच्या फाउंड्रीत काम केले आहे का, सोसायटीच्या डक्टमध्ये कबुतरांची विष्ठा साचते का, आणि मुळशी-भोरकडच्या आजींना, ज्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नसते, चुलीपुढे किती वर्षे गेली.

आता ऑक्सिमीटर. डिसेंबरच्या सकाळी बोटे गार असतात, ती आधी चोळून उबदार करावीत. नेलपॉलिश किंवा दाट काळी मेंदी असल्यास दुसरे बोट निवडावे. यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल, तर आकड्यावर विसंबू नये. बहुतेक रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनचे 94 ते 98 टक्के हे लक्ष्य असते, पण सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या) ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका आहे, त्यांच्यात 88 ते 92 टक्के पुरेसे असतात. ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर चालू आहे, हे सोबत न लिहिलेली नोंद निरुपयोगी ठरते.

स्टेथोस्कोप कपड्यावरून लावू नये. स्त्री रुग्ण असल्यास पडदा ओढून, सिस्टरांना सोबत घेऊन, पाठीवर डावी-उजवी बाजू समान पातळीवर आलटून पालटून ऐकावी. एका बाजूचा आवाज कमी असेल, तर बोटांनी ठोकून पाहावे: जड, बद्द आवाज पाणी साचल्याचे सुचवतो, तर पोकळ, घुमणारा आवाज छातीत हवा शिरल्याचे. दम्याच्या रुग्णाची घरघर अचानक थांबली, पण चेहरा थकलेला आणि बोलणे तुटकच राहिले, तर औषध लागू पडले असे मानू नये. हवा आत-बाहेर होणेच जवळपास बंद पडलेले असू शकते, आणि अशा वेळी रुग्णाजवळून न हलता तिथूनच मदत मागवावी.