पडदा नसलेल्या सर्व्हरवर छायाचित्रांचा आकार बदलताना

आमच्या संकेतस्थळावर लोक गोव्यातील फोंड्याच्या शिगमोत्सवातील रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळे) आणि चित्ररथांची छायाचित्रे मोबाईलवरून चढवतात, आणि सर्व्हरवरचा जावा प्रोग्रॅम ती लहान करून ठेवतो. मिरवणुकीच्या संध्याकाळी मी घरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) सर्व्हरवर जाऊन सेवा सुरू केली, पान उघडते एवढे पाहिले आणि लॅपटॉप मिटून बाहेर पडलो. त्यानंतर एकही छायाचित्र चढले नाही. 'लोकलहोस्ट:१०.०' येथील एक्स११ सर्व्हरशी (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमशी) संपर्क होत नाही, अशी तक्रार लॉगमध्ये (सेवेच्या नोंदवहीत) पहिल्या छायाचित्रापाशी होती. पुढच्या प्रत्येक छायाचित्रापाशी मात्र क्लास (जावा प्रोग्रॅमचा एक घटक) सुरू करता येत नाही, एवढाच दोष दिसत होता. म्हणून अशा वेळी लॉगमधली सर्वांत पहिली तक्रार शोधावी.

एसएसएचमध्ये एक्स फॉरवर्डिंग (सर्व्हरवरच्या खिडक्या आपल्या पडद्यावर दाखवण्याची सोय) चालू असल्यामुळे 'डिस्प्ले' या व्हेरिएबलमध्ये माझ्या लॅपटॉपच्या पडद्याचा पत्ता आला होता आणि सेवेने तोच उचलला होता. लॅपटॉप मिटताच ती जोडणी तुटली. वास्तविक आकार बदलण्याच्या कामाला पडदा लागतच नाही. २००२ मध्ये आलेल्या जावा १.४ पासून त्यासाठी हेडलेस, म्हणजे पडद्याविना चालण्याची, पद्धत उपलब्ध आहे. 'जावा.एडब्ल्यूटी.हेडलेस' ही प्रॉपर्टी सेवा सुरू करण्याच्या आज्ञेतच 'ट्रू' करावी, कारण चित्रांचे क्लास एकदा लोड झाल्यावर ती बदलून उपयोग होत नाही. सेवाही स्वतःच्या लॉगिनमधून न चालवता सिस्टमडीकडे (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवावी. छायाचित्रावर मजकूर उमटवायचा असेल, तर हेडलेस पद्धतीतही फॉन्ट लागतात. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसल्यास अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

यानंतर खरी काळजी मेमरीची घ्यावी. ४००० बाय ३००० पिक्सेलचे छायाचित्र डिस्कवर काही एमबीचेच असले, तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने ४.८ कोटी बाइट व्यापते, आणि मिरवणूक ऐन रंगात असताना अशी दहा-बारा छायाचित्रे एकाच वेळी येतात. म्हणून आधी इमेज रीडरकडून (जावाच्या चित्र वाचणाऱ्या घटकाकडून) फक्त लांबी-रुंदी विचारावी, अवाजवी मोठी फाइल तिथेच नाकारावी, आणि वाचतानाच सबसॅम्पलिंग २ ठेवून, म्हणजे दोन्ही दिशांना एक सोडून एक पिक्सेल घेऊन, २००० बाय १५०० पर्यंत उतरावे. मग बायलिनिअर पद्धतीने (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून) १२०० बाय ९०० करावे. एका वेळी दोनच छायाचित्रे हाताळणारी रांग लहान सर्व्हरला पुरते.

उभी छायाचित्रे आडवी पडतात, याचे कारण निराळे आहे. मोबाईल बहुधा चित्र न फिरवता एक्झिफमध्ये (फाइलमधील छायाचित्राविषयीच्या माहितीत) दिशेचा आकडा लिहितो, आणि चित्रे वाचण्या-लिहिण्याची जावाची इमेज-आयओ लायब्ररी तो आकडा पाळत नाही. नव्या फाइलमध्ये एक्झिफ उरत नसल्याने चित्र कायमचे आडवे राहते. आकडा ६ असल्यास ते घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवूनच जतन करावे. एक्झिफ गळल्याने छायाचित्र काढणाऱ्याचे ठिकाणही उघड होत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

शेवटी सेवा सुरू करून एसएसएचमधून पूर्ण बाहेर पडावे, आणि मगच मोबाईलवरून एक उभे छायाचित्र चढवून पाहावे.