अंगावर पाजताना या चुका टाळा: आधी पकड बघा, मग दुधाचा हिशेब करा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात 'मला दूधच पुरेसं येत नाही' असं खूप आयांना वाटतं. बहुतेक वेळा दूध असतं, ते बाळाच्या पोटात नीट पोचत नसतं. म्हणून वरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी बाळाने स्तन कसा धरलाय ते बघा.

नुसती बोंडी तोंडात देणं

सर्वांत जास्त त्रास या एका चुकीतून होतो. बाळाने फक्त बोंडी धरली की ती जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चेपली जाते. आईला कळ येते, चिरा पडतात आणि दूधही कमी निघतं. बोंडी आत मऊ टाळूपर्यंत जायला हवी, म्हणजे तिच्याभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा.

बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागू द्या. त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळलेली असली की गिळणं अवघड जातं. बोंडी त्याच्या नाकासमोर धरा, वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभईएवढा मोठा 'आ' झाला की बाळाला पटकन जवळ घ्या, आधी हनुवटी टेकू द्या. स्तन बाळाकडे नेण्यासाठी वाकू नका, पाठ भरून येते आणि पकड सुटते. डोकं मागून दाबलं तर बाळ उलट मागे रेटतं. हाताचा आधार मानेखाली आणि खांद्यांना द्या.

पकड जमली की हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो. गाल आत ओढले जात असतील किंवा टक्-टक् आवाज येत असेल तर पुन्हा लावा. सुरुवातीला क्षणभर ओढ बसते, पण कळ अर्ध्या मिनिटानंतरही राहिली तर स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा. तसंच ओढून काढू नका. बाहेर आलेली बोंडी एका बाजूने तिरकी, चपटी दिसली तर पकड वरवरची होती हे नक्की.

रडेपर्यंत थांबणं, घड्याळ लावून पाजणं

रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, मुठी चोखतं. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. जन्माचं वजन परत येईपर्यंत झोपाळू बाळाला 3 तासांनी उठवाच. 'दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं' हा हिशेब सोडा. एका बाजूचं पिऊन बाळाने स्वतः सोडलं की दुसरी बाजू द्या, कारण जास्त स्निग्ध दूध शेवटी येतं. संध्याकाळी काही बाळं दर अर्ध्या तासाला मागतात. त्यावरून दूध आटलं असं समजू नका.

चीक कमी वाटतो म्हणून वरचं दूध देणं

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर, म्हणजे साधारण 5 ते 7 मिली चीक पुरतो. दूध सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भरून येतं. गरज नसताना वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, आणि जेवढं दूध निघेल तेवढंच नवं तयार होत असल्याने ते खरंच कमी होतं. पाणी 6 महिन्यांपर्यंत नको, उन्हाळ्यातही.

अंदाज बांधण्यापेक्षा लंगोट मोजा: पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान 6 ओले, आणि शी काळ्यावरून पिवळी झालेली. सुरुवातीला वजन थोडं घटतं. 10 ते 14 दिवसांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं.

दाटलेल्या स्तनाला विश्रांती देणं

स्तन दगडासारखा झाला की बाळाला धरताच येत नाही. पाजण्याआधी बोंडीपासून 2-3 सेंटिमीटर मागे अंगठा आणि बोट ठेवून आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबा. काळा भाग मऊ होण्यापुरतंच दूध काढा. पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा. जोरजोरात चोळू नका, सूज वाढते. एखादा भाग लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; पाजणं मात्र सहसा चालूच ठेवायचं असतं.

बाळ उठवूनही पीत नसेल, लघवी कमी असेल, पिवळेपणा वाढत असेल किंवा वजन 10 टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.