बेळगाव-खानापूरच्या पोरांनो, ताऱ्यांच्या जोड्यांवर काम करायचंय?

मराठी माध्यमातून आलेली, बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली आपल्याकडची मुलं पहिल्यांदा विचारतात, "सर, दुर्बीण कुठली घेऊ?" घेऊच नका. तरुण तारकागुच्छांतले जोडतारे हा माझा विषय, आणि तो बराचसा लॅपटॉपवर चालतो. ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाची माहिती फुकट मिळते. तिसरा मोठा संच जून 2022 मध्ये आला.

मृग मात्र बघून ठेवा, हिवाळ्यात, जांबोटीकडे. पावसाळ्यात आपल्याकडचं आभाळ विसराच. मृगातल्या तेजोमेघाजवळ आयोटा ओरायनिस ही जोडी आहे, कक्षा 29 दिवसांची आणि चांगलीच लांबट. तिकडे सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी आणि कपोत तारकासमूहातला म्यू कोलंबी हे दोन तारे सेकंदाला साधारण 100 किमी वेगानं विरुद्ध दिशांना सुटलेत. त्यांचे मार्ग उलटे नेले की 25 लाख वर्षांपूर्वी दोघं मृगातच, आयोटाच्या आसपास सापडतात. दोन जोड्या भिडल्या, दोन तारे बाहेर फेकले गेले, उरले ते आयोटा, असा हिशेब लागतो.

हे कागदावर सुटत नाही. लीपफ्रॉग पद्धतीनं, म्हणजे जागा आणि वेग आळीपाळीनं छोट्या पावलांनी पुढे नेत, तीन ताऱ्यांचा प्रोग्राम स्वतः लिहा आणि एकूण ऊर्जा सतत छापत राहा. ती कायम राहायला हवी; ढळली तर उत्तर कितीही देखणं असो, टाकून द्या. मग जोडीवर तिसरा तारा सोडा. घट्ट जोडी सहसा आणखी घट्ट होते, सैल असेल तर फुटते. हेगी आणि हिल्स यांनी 1975 मध्ये मांडलेलं हे तुम्हाला घरबसल्या दिसेल. आर्सेथ यांच्या एनबॉडी6 सारखे तयार कोड नंतर.

निरीक्षणात जोड्या फसवतात. एकाच रात्रीच्या वर्णपटावरून वेग काढलेत, तर जोडीदाराभोवती फिरण्याचा वेगही त्यात मिसळतो आणि ताऱ्यांच्या वेगांवरून काढलेलं गुच्छाचं वस्तुमान उगाच फुगतं. गायाच्या यादीत आरयूडब्ल्यूई (एकट्या ताऱ्याचं गणित मोजमापाशी किती जुळत नाही ते सांगणारा आकडा; जुळलं तर 1 च्या आसपास) 1.4 च्या वर दिसला की जोडीचा संशय घ्या. पण तरुण ताऱ्याभोवतीची चकतीही तो वाढवते, तेव्हा लगेच उड्या मारू नका.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएच.डी.ला जेस्ट किंवा नेट या परीक्षा. पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू एका रात्रीचं. तिथं आपलं मोडकंतोडकं कन्नडही कामाला येतं. "तारे बघून पोट भरतंय काय?" असं घरचे विचारणारच. प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र पक्कं असेल तर भरतं, असं सांगा.

उन्हाळी प्रकल्पाच्या अर्जाला त्या ऊर्जेचा आलेख जोडा. माझ्याकडे अर्ज येतात तेव्हा गुणपत्रिकेआधी मी तोच उघडतो.