बंद पडलेला डिश रिसीव्हर: खराब कपॅसिटर ओळखणे आणि बदलणे

रिसीव्हर प्लगला लावला आहे, पण पुढचा दिवाच लागत नाही. किंवा दिवा लुकलुकतो आणि पडदा काळाच राहतो. किंवा लोगो येतो आणि बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नळकांडीसारख्या भागात, निघतं. पण फुगलेला कपॅसिटर शोधला, बदलला आणि झाकण लावलं, एवढ्यावर काम भागेलच असं नाही. पूर्ण बंद बॉक्समध्ये सर्वांत आधी संशय घ्यावा असा कपॅसिटर दिसायला अगदी धडधाकट असतो.

कपॅसिटरमधला कागद द्रवाने भिजलेला असतो. उष्णतेने तो द्रव हळूहळू आटतो आणि कपॅसिटरचा आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. हा सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा असल्यामुळे कपॅसिटरमधून सतत चढ-उताराचा करंट वाहतो. वाढलेल्या रोधातून तोच करंट गेला की कपॅसिटर आणखी तापतो आणि आणखी आटतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. हे तास भरपूर वाटतात, पण स्टँडबायवर ठेवलेला बॉक्सही चोवीस तास वीज घेतच असतो, म्हणून हा हिशोब साडेतीन वर्षांच्या थोडा पुढे संपतो. बंद कपाटात, दुसऱ्या गरम उपकरणावर ठेवलेला बॉक्स त्याआधीच जातो.

झाकण उघडण्यापूर्वी

डिशची केबल काढून बॉक्स चालू करून पाहा. केबलमध्ये किंवा एलएनबीत (डिशवर बसवलेला, सिग्नल घेणारा भाग) शॉर्ट असेल तर चांगल्या सप्लायचंही व्होल्टेज कोसळतं. बॉक्सला बाहेरचा अडॅप्टर असेल तर आधी त्याचं व्होल्टेज मोजा, तेही लोड देऊन. नुसतं मोजल्यावर १२ व्होल्ट दाखवणारा अडॅप्टर बॉक्स जोडताच ७ वर येत असेल, तर दोष बॉक्समध्ये नसून अडॅप्टरमध्येच असण्याची शक्यता मोठी, आणि बहुधा तिथेही कपॅसिटरच.

एक खूण फार बोलकी आहे. बॉक्स नीट चालत होता, वीज गेली किंवा प्लग काढला, आणि नंतर तो सुरूच झाला नाही. अशा वेळी प्रायमरी, म्हणजे मेनच्या बाजूचा छोटा स्टार्ट-अप कपॅसिटर पकडावा. सप्लाय चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या मदतनीस वाइंडिंगवर सप्लाय चालवणारा कंट्रोलर आयसी तग धरून राहतो. नव्याने सुरू होताना मात्र त्याला याच कपॅसिटरमधल्या साठ्याची गरज लागते, आणि आटलेल्या कपॅसिटरमध्ये तो साठा उरलेला नसतो.

जीव सांभाळा

२३० व्होल्टच्या मेनवर, प्रायमरीच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं. सप्लाय चालू होत असेल तर प्लग काढल्यावर तो स्वतःच ते संपवतो. पण सप्लाय बंद पडला असेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर ते व्होल्टेज वापरणारं कोणी नसतं आणि चार्ज बराच वेळ टिकतो. म्हणजे मेलेला बॉक्सच जास्त धोकादायक. प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर २.२ किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने काही सेकंद धरा, आणि मग मल्टिमीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडा, त्याने ट्रॅक उडतो आणि कपॅसिटरलाही इजा होते.

बोर्डाच्या दोन बाजूंचे ग्राउंड वेगळे आहेत हे पक्कं लक्षात ठेवा. प्रायमरीची मापं मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हपासून घ्यायची, सेकंडरीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनंतरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूची, धातूच्या चेसिसपासून. उलटसुलट केलं तर वाचन चुकतं. चालू बोर्डावर एक हात खिशात ठेवून मोजणं शहाणपणाचं.

दोष कुठे आहे ते ठरवा

फ्यूज उडाला आहे आणि काच काळी पडली आहे का? तसं असेल तर आधी ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड आणि स्विचिंग आयसी किंवा मॉसफेट शॉर्ट आहेत का ते तपासा. फ्यूज नुसता बदलला तर नवाही उडेल. फ्यूज ठीक असेल तर मोठ्या कपॅसिटरवर मोजा. ३२५ च्या आसपास आलं तर मेनची बाजू बरी. लोडवर ते २५० पर्यंत घसरत असेल तर तो कपॅसिटर आटला आहे. त्याची नेहमीची किंमत २२ ते ६८ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट.

मोठ्या कपॅसिटरवर ३२५ आहे पण सेकंडरीला शून्य? मग कंट्रोलर आयसीजवळचा १० ते १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा छोटा कपॅसिटर पाहा, आणि त्यासोबत मोठ्या कपॅसिटरकडून आयसीकडे जाणारे काहीशे किलोओहमचे स्टार्ट-अप रेझिस्टरही मोजा. ते अनेकदा ओपन झालेले सापडतात. सप्लाय टिक-टिक आवाज करत असेल तर सेकंडरीत शॉर्ट आहे किंवा तिथले फिल्टर कपॅसिटर पार गेले आहेत.

सेकंडरीला साधारण ३.३, ५, १२ आणि एलएनबीसाठी २० च्या वरची एक लाइन असते. किमती बहुधा बोर्डावरच छापलेल्या असतात. इथे एक फसवणूक होते. अनेक बोर्डांवर फीडबॅक, म्हणजे व्होल्टेज किती आहे याची कंट्रोलरला मिळणारी खबर, एकाच लाइनवरून, बहुधा ५ किंवा ३.३ वरून घेतलेला असतो. त्या लाइनचा कपॅसिटर गेला की कंट्रोलर ती वर ओढण्यासाठी जास्त जोर लावतो, आणि १२ ची लाइन १५ वर जाते. वाढलेली १२ ची लाइन पाहून तिचा कपॅसिटर बदलू नका, खराब आहे तो ५ चा. अर्धे चॅनेलच येत असतील तर एलएनबीची लाइन तपासा: एका ध्रुवीकरणाला सुमारे १३ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला १८. कपॅसिटर आटला की १८ गाठता येत नाहीत.

आता खुद्द कपॅसिटर. वरचं पत्र्याचं तोंड सपाट हवं. किंचित घुमट दिसला तरी तो बाद. खालून रबर बाहेर ढकललेलं आहे का, पायांशी तपकिरी डाग आहे का तेही बघा. कारखान्यात लावलेला डिंक कधी तसाच दिसतो, पण तो कपॅसिटरच्या अंगाला चिकटलेला असतो. छोट्या कपॅसिटरवर फुटण्यासाठीच्या खाचा बहुधा नसतात, त्यामुळे ते फुगतही नाहीत.

मल्टिमीटरची कपॅसिटी रेंज इथे पुरेशी नाही. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ९०० दाखवूनही वाया गेलेला असू शकतो, कारण बिघाड त्याच्या आतल्या रोधात असतो. ईएसआर मीटर घ्या. दुरुस्तीचं काम नेहमीचं असेल तर हे एक मीटर घेण्यासारखं आहेच. लो-ईएसआर जातीचा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा चांगला कपॅसिटर ०.१ ओहमच्या खाली दाखवतो, १ ओहमच्या वर गेला तर काढून टाका. छोट्या किमतीच्या कपॅसिटरना जास्त रोध चालतो, म्हणून त्यांची तुलना त्याच किमतीच्या नव्या नगाशी करा. मोजमाप नेहमी चार्ज संपवूनच. दोन कपॅसिटर समांतर असतील तर चांगला वाईटाला झाकतो, तेव्हा शंका आली की एक पाय सोडवून मोजा.

मीटर नसेल तर हेअर ड्रायर कामाला येतो. झाकण लावूनच, जाळीतून बॉक्स दोन-तीन मिनिटं कोमट करा. गरम झाल्यावर ईएसआर तात्पुरता कमी होतो. थंड असताना न उठणारा बॉक्स असा सुरू झाला तर कपॅसिटरच दोषी. दुसरा मार्ग म्हणजे संशयित कपॅसिटरला समांतर चांगला कपॅसिटर वीज बंद असताना डाग देऊन जोडणं, आणि मग चालू करणं.

नवा कोणता घ्यावा

व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर. ५ च्या लाइनवर १० व्होल्टचा होता तर १६ चा लावा. कपॅसिटी तीच, फार तर २० ते ५० टक्के जास्त. सेकंडरीला १०५ अंशांचा लो-ईएसआर प्रकारच हवा: पॅनासॉनिक एफआर किंवा एफएम, रुबिकॉन झेडएलएच, निचिकॉन एचई. साधा कपॅसिटर लावला तर बॉक्स चालेल, पण लवकरच परत येईल. मोठ्या मेन कपॅसिटरला लो-ईएसआरची गरज नाही. मात्र व्होल्टेज वर जाणाऱ्या भागात ४५० व्होल्टचा बसवणं चांगलं, कारण २६५ व्होल्ट एसीला ३७५ डीसी होतं. व्यास, उंची आणि पायांमधलं अंतर आधी मोजा: ८ मिमी व्यासाला सहसा ३.५ मिमी, १० मिमीला ५ मिमी.

प्रायमरी आणि सेकंडरी यांच्या मधला निळा वाय कपॅसिटर आणि मेनवरचा चौकोनी एक्स कपॅसिटर सुरक्षिततेसाठी प्रमाणित असतात. त्यांच्या जागी साधा कपॅसिटर कधीही लावू नका.

बदलणे

फोटो काढून ठेवा. कपॅसिटरवरचा पट्टा निगेटिव्ह पायाचा. बोर्डावर रंगवलेला अर्धा भाग बहुधा निगेटिव्ह असतो, पण सगळ्या बोर्डांवर तसं नसतं, म्हणून जुन्याची दिशा पाहिल्याशिवाय उपटू नका. आयर्न ३५० अंशांवर ठेवा. जुन्या डागावर थोडं ताजं सोल्डर घाला, मग शिसंविरहित डागही सहज वितळतो. एक-एक पाय आळीपाळीने गरम करत कपॅसिटर झुलवून काढा. ओढाताण केली तर तांब्याची चकती उखडते. भोक पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी) साफ करा. गळलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि खालचा ट्रॅक खाल्ला गेलेला नाही ना, ते सातत्य तपासून बघा. कपॅसिटर बोर्डाला टेकवून बसवा, पण गरम हीटसिंकला चिकटवू नका. एक खराब निघाला असेल तर सेकंडरीचे सगळे आणि स्टार्ट-अपचा छोटा एकदमच बदला, कारण सगळ्यांनी तीच उष्णता सोसलेली आहे.

पहिली वीज थेट देऊ नका. मेनच्या मालिकेत ६० वॉटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. सप्लाय मेन बोर्डापासून सोडवून तपासत असाल तर ५ च्या लाइनवर १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लोड म्हणून लावा, काही सप्लाय रिकामे नीट चालत नाहीत. सगळी व्होल्टेज छापलेल्या किमतीच्या पाच टक्क्यांत आली की वीज बंद करून बोर्ड जोडा, बल्ब काढा, डिशची केबल लावा आणि एफ कनेक्टरच्या मधल्या तारेवर १३ आणि १८ दोन्ही येतात का ते चॅनेल बदलून पाहा.

कपॅसिटर नवे असूनही सेकंडरीचं व्होल्टेज कोसळलेलंच असेल तर तिथले शॉट्की डायोड शॉर्टसाठी मोजा. व्होल्टेज डळमळत असेल तर फीडबॅक प्रायमरीकडे पोचवणारा ऑप्टोकपलर आणि व्होल्टेजवर नजर ठेवणारा टीएल४३१ आयसी यांच्याकडे वळा. सगळ्या लाइन बरोबर असून बॉक्स लोगोवरच अडकत असेल, तर मेन बोर्डावरच्या ३.३ पासून १.२ व्होल्ट बनवणाऱ्या रेग्युलेटरजवळचे कपॅसिटर त्याच मीटरने तपासा.