निवृत्तीनंतर दिवसाची घडी बसवताना

निवृत्तीचे पहिले काही आठवडे सुटीसारखे जातात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडताना सुरुवातीच्या आनंदानंतर भ्रमनिरासाचा काळ येऊ शकतो असे म्हटले होते, आणि नेहमीच्या वेळी आंघोळ उरकून, आता जायचे कुठे, या विचाराने दाराशी घुटमळलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नोकरी पगाराबरोबरच वेळेची चौकट, रोज भेटणारी माणसे आणि स्वतःची ओळख देत असते. त्यातली चौकट आधी उभी करावी. संपूर्ण वेळापत्रक आखण्यापेक्षा उठणे, फिरायला जाणे आणि एखादे ठरलेले काम एवढ्याच वेळा पक्क्या कराव्यात. हे काम शक्यतो असे निवडावे की आपण गेलो नाही तर कुणीतरी आपली वाट पाहील. एकट्याने जोपासलेला छंद कंटाळ्याच्या दिवशी सहज बाजूला पडतो.

घरातल्यांची घडी मात्र आपल्याशिवाय केव्हाच बसलेली असते, तेव्हा स्वयंपाकघरातले डबे नव्या पद्धतीने लावून देण्याचा मोह आवरावा. (हा मोह फार जणांना होतो.)

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. मोठे आर्थिक निर्णय, विशेषतः घर विकण्याचा, पहिले वर्षभर लांबणीवर टाकावेत.